साठ चौकोन दूरचे ठाणे आणि त्याची रसद: ट्रॅव्हियनमधील एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाविषयी

ट्रॅव्हियन हा ब्राउझरवर खेळला जाणारा युद्धखेळ 2004 साली जर्मनीत सुरू झाला. त्यातील लढायांचे वर्णन करताना खेळाडू बहुधा कोणाचा हॅमर (हल्ल्यासाठी उभारलेली मोठी फौज) किती मोठा होता आणि भिंत कितव्या पातळीची होती याविषयी बोलतात. या प्रकरणात मात्र लढाईचा निकाल बऱ्याच अंशी धान्याने ठरवला. फौज, धान्य आणि माणसांची झोप या तीन गोष्टींची वेळापत्रके एकमेकांशी जुळली नाहीत तर काय होते आणि ती ऐनवेळी कशी जुळवता येतात, हे इथे तपशिलाने मांडले आहे.

खेळाडूंची व अलायन्सची (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाची) नावे वगळली आहेत, नकाशावरील जागा सांगितलेल्या नाहीत आणि आकडे थोडे गोल केले आहेत. सर्व्हर साध्या वेगाचा आणि रोमन, गॉल, ट्यूटन या तीन जुन्या जमातींचा होता. फौजेच्या प्रवासाचे हिशेब टूर्नामेंट स्क्वेअरचा (फौजेचा लांबचा प्रवास वेगवान करणाऱ्या इमारतीचा) फायदा न धरता केले आहेत.

पार्श्वभूमी

अलायन्समधील बहुतेक सभासद मराठी बोलणारे होते. त्यातले बरेचसे पुणे, नाशिक आणि ठाणे परिसरातले, दोघे दुबईत आणि एक न्यू जर्सीत होता. त्यांची मुख्य गावे नकाशाच्या एका भागात दाटीने वसलेली होती आणि शत्रूचा मुलूख तिथून सुमारे साठ चौकोन दूर होता. कॅटापल्ट (इमारती पाडणारे यंत्र) तासाला फक्त 3 चौकोन चालतो, म्हणजे घरून निघालेला हल्ला पोहोचायला 20 तास लागत. शत्रूला एवढी आगाऊ सूचना मिळू नये म्हणून एका सभासदाने तीन सेटलर पाठवून शत्रूच्या सीमेला लागून नवे गाव वसवले आणि पुढील हल्ले तिथून करायचे ठरले. या लेखात त्या गावाला ठाणे आणि त्याच्या मालकाला ठाणेदार म्हटले आहे.

ठाण्यात 20 व्या पातळीची दोन कोठारे होती. अशा एका कोठारात 80,000 धान्य मावते, म्हणून एकूण क्षमता 1,60,000 होती. गावाचे स्वतःचे उत्पन्न, तिथल्या वस्तीचे खाणे वजा जाता, तासाला 800 धान्य एवढेच होते. ट्रॅव्हियनमध्ये कुमक म्हणून गेलेली फौज ज्या गावात उभी असते त्या गावाचे धान्य खाते, तर वाटेत असलेली फौज आपल्या मूळ गावाचे खाते. कोठार रिकामे झाले आणि आवक कमी पडली की सैनिक उपासमारीने मरू लागतात. हा नियम सगळ्यांना माहीत होता, पण त्याच्याशी जोडलेला हिशेब मात्र कोणी मांडलेला नव्हता.

अडचण कशी उभी राहिली

शुक्रवारी रात्री नऊ वाजता ठाण्याच्या रॅली पॉइंटवर (फौजांची ये-जा दाखवणाऱ्या इमारतीत) अकरा हल्ले दिसू लागले. पहिला शनिवारी संध्याकाळी सात वाजता पोहोचणार होता आणि शेवटचा रविवारी पहाटे पाचला. हल्ल्यात किती आणि कोणते सैनिक आहेत हे बचाव करणाऱ्याला सहसा दिसत नाही, फक्त पोहोचण्याची वेळ कळते. प्रवासाच्या वेळेवरून कॅटापल्टचा वेग ओळखू येत होता. पण सोबत एकच कॅटापल्ट असलेला फेक, म्हणजे फसवा, हल्लाही त्याच वेगाने चालतो.

अलायन्सच्या नेत्याने ताबडतोब कुमक मागितली आणि सभासदांनी मनापासून प्रतिसाद दिला. रात्री साडेअकराच्या सुमारास 6,000 फॅलँक्स, 5,000 स्पिअरमन, 4,000 प्रेटोरियन, 1,500 पॅलाडिन आणि 1,000 ड्रुइडरायडर ठाण्याकडे निघाले. पायदळातील प्रत्येक सैनिक तासाला एक धान्य खातो, तर घोडदळातले पॅलाडिन आणि ड्रुइडरायडर दोन-दोन खातात. म्हणजे ही सगळी फौज एकत्र आली की तासाला 20,000 धान्य लागणार होते आणि ठाण्याचे उत्पन्न वजा करता 19,200 ची तूट पडणार होती. त्या हिशेबाने भरलेली दोन्ही कोठारे 8 तास 20 मिनिटे पुरली असती.

धान्याची जबाबदारी नऊ गावांवर सोपवली गेली. तीन गॉलची, तीन ट्यूटनची आणि तीन रोमनची. प्रत्येक गावात बाजारपेठ 20 व्या पातळीची होती, म्हणजे प्रत्येकाकडे 20 व्यापारी. गॉल व्यापारी 750 नग वाहतो, ट्यूटन 1,000 आणि रोमन 500. नेत्याने केलेली बेरीज अशी होती: गॉलांचे 45,000, ट्यूटनांचे 60,000, रोमनांचे 30,000, मिळून एका खेपेला 1,35,000. ही खेप फौजेला सात तास पुरेल, तोवर पुढची येईल, असे गृहीत धरले गेले. नऊही गावांनी फौजेबरोबरच, म्हणजे साडेअकरालाच, सगळे व्यापारी रवाना केले आणि भारतातील बहुतेक सभासद झोपायला गेले.

घोटाळा इथेच सुरू झाला. बेरीज बरोबर होती, पण तिच्यात वेळ धरलेला नव्हता. गॉल व्यापारी तासाला 24 चौकोन चालतो, रोमन 16 आणि ट्यूटन 12. साठ चौकोनांवर गॉलचे धान्य अडीच तासांत, रोमनचे पावणेचार तासांत आणि ट्यूटनचे पाच तासांत पोहोचते. फॅलँक्स आणि स्पिअरमन तासाला 7 चौकोन चालतात, म्हणजे त्यांना साडेआठ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि 5 च्या वेगाने चालणाऱ्या प्रेटोरियनना बारा तास. धान्य खाणाऱ्यांच्या खूप आधी पोहोचले.

त्या वेळी ठाण्याच्या कोठारांत सुमारे 95,000 धान्य आधीच होते. रात्री दोनला गॉलांचे 45,000 आत मावले. सव्वातीनला रोमनांचे 30,000 आले तेव्हा कोठारे भरून 12,600 वाया गेले. साडेचारला ट्यूटनांचे 60,000 आले आणि त्यांपैकी 58,500 वाया गेले, कारण तोवर फक्त ड्रुइडरायडर पोहोचलेले होते आणि त्यांनी जेमतेम दीड हजाराची जागा मोकळी केली होती. एका रात्रीत 71,100 धान्य नाहीसे झाले. पूर्ण फौजेला ते पावणेचार तास पुरले असते.

शनिवारी रात्री आठची स्थिती

दिवसभरात जमेल तसे सात वेळा धान्य आले, एकूण 1,30,000. कोणी घरच्या कार्यक्रमात होते, कोणी कामावर. ज्याला जेव्हा फोन पाहायला मिळाला तेव्हा त्याने खेप पाठवली. सकाळी साडेअकरापासून पूर्ण फौज जेवत होती. संध्याकाळी सात ते आठ या वेळात चार हल्ले येऊन आदळले आणि चारही फेक निघाले. त्याआधी सहाच्या सुमारास शत्रूच्या टेहळ्यांनी तीनदा ठाणे पाहून घेतले होते, म्हणजे कोठारात किती धान्य आहे आणि किती तोंडे आहेत हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यानंतर रविवारी दुपारपर्यंत पोहोचणाऱ्या हल्ल्यांची नवी रांग दिसू लागली.

आता शत्रूचा बेत स्पष्ट झाला होता. फौजेला फेक हल्ल्यांनी ठाण्यात खिळवून ठेवायचे, तिला स्वतःचेच धान्य संपवू द्यायचे आणि ती उपाशी पडू लागली की खरा हॅमर आणायचा. रात्री आठला कोठारांत सुमारे 62,600 धान्य उरले होते. नवे काही आले नाही तर ते सव्वाअकराच्या सुमारास संपणार होते. एक रोमन खेप वाटेत होती, सव्वाआठला 10,000 घेऊन येणारी. घरच्या नऊ गावांची कोठारे आदल्या रात्रीच्या आणि दिवसभराच्या खेपांनी रिकामी झाली होती आणि त्यांत पाठवण्याजोगे धान्य फक्त 78,000 होते. हे सगळे धरले तरी धान्य पहाटे 3:51 पर्यंतच पुरत होते. खरा हल्ला पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान येईल असा अंदाज होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळी फौज परत बोलावण्याचा होता. एका ज्येष्ठ सभासदाने तो ठामपणे मांडला आणि पानिपताची आठवण करून दिली. गोविंदपंत बुंदेले पडल्यावर भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली आणि शेवटी उपाशी फौजेला शत्रूच्या सोयीच्या दिवशी मैदानात उतरावे लागले. त्यांचे म्हणणे वजनदार होते. गाव पुन्हा वसवता येते, पण साडेसतरा हजार सैनिक पुन्हा उभे करायला कित्येक आठवडे लागतात. अडचण अशी की एकदा परत गेलेले पायदळ पहाटेपूर्वी पुन्हा ठाण्यात आणता आले नसते, कारण जाण्यायेण्यालाच निदान सतरा तास लागले असते.

दुसरा पर्याय फौजेचा काही भाग जवळच्या एखाद्या गावी हलवण्याचा होता. घोडदळ आठ-दहा चौकोनांवर उभे केले असते तर त्याने दुसऱ्या कोठाराचे धान्य खाल्ले असते आणि ते हल्ल्याच्या तासभर आधी परत आले असते. ऐकायला हा मार्ग उत्तम वाटतो, पण खेळाचा नियम आड आला. कुमक म्हणून एका गावी गेलेली फौज तिथून थेट तिसऱ्या गावी पाठवता येत नाही, आधी तिला मूळ गावी परतावे लागते. ज्या सभासदांचे घोडदळ होते त्यांच्यापैकी कोणाचेही मूळ गाव ठाण्याजवळ नव्हते. यावर चर्चेत बराच वेळ गेला. हा नियम आधी तपासला असता तर तो वाचला असता.

तिसरा पर्याय तोंडे कमी करण्याचा होता, आणि इथला हिशेब सविस्तर देण्याजोगा आहे. प्रत्येक सैनिकाचे पायदळाविरुद्धचे आणि घोडदळाविरुद्धचे बचावमूल्य वेगळे असते. ते एका धान्यामागे काढले की असे दिसते: फॅलँक्स 40 आणि 50, स्पिअरमन 35 आणि 60, प्रेटोरियन 65 आणि 35. पॅलाडिनचे मूळ आकडे 100 आणि 40 असले तरी तो दोन धान्य खातो, म्हणून 50 आणि 20. ड्रुइडरायडर त्याच हिशेबाने 57.5 आणि 27.5. शत्रूकडे दोन हॅमर असल्याचे माहीत होते. एक ट्यूटनाचा, पायदळावर भर असलेला, आणि एक गॉलचा, ज्यात घोडदळ मोठे होते. कोणता येणार हे माहीत नसताना दोन्ही आकड्यांची बेरीज पाहणे रास्त होते आणि त्या बेरजेत पॅलाडिन 70 वर सगळ्यांत खाली होता. प्रेटोरियन 100, स्पिअरमन 95, फॅलँक्स 90 आणि ड्रुइडरायडर 85. म्हणजे फौज कमी करायचीच असेल तर आधी पॅलाडिन जायला हवे होते. पॅलाडिनच्या मालकांना हे पटवणे सोपे नव्हते, कारण एकेक पॅलाडिन मजबूत दिसतो. पण रसदीच्या दृष्टीने सैनिक किती मजबूत यापेक्षा तो खाल्लेल्या धान्याच्या मोबदल्यात काय देतो हे महत्त्वाचे असते.

चौथा पर्याय ठाण्याजवळच्या धान्याचा होता. ठाण्यापासून 8 चौकोनांवर अलायन्समधील एका गॉल सभासदाचे गाव होते. त्याला इथे शेजारगाव म्हटले आहे. तिथे 52,000 धान्य पडून होते. शुक्रवारपासून कोणीही ते मोजले नव्हते, कारण कुमक मागताना फक्त मोठ्या बाजारपेठांच्या गावांची यादी केली गेली होती. शेजारगावाची बाजारपेठ 15 व्या पातळीची होती, म्हणजे 15 व्यापारी आणि एका खेपेला 11,250 धान्य. आठ चौकोन जायला 20 मिनिटे आणि यायला 20. त्यामुळे हे एकटे गाव तासाला 16,875 धान्य पोहोचवू शकत होते. हा आकडा घरच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावा. साठ चौकोनांवरून एक गॉल गाव, व्यापाऱ्यांना क्षणाचीही विश्रांती न देता, तासाला 3,000 धान्य पोहोचवते, ट्यूटन गाव 2,000 आणि रोमन गाव 1,333. नऊही गावे मिळून 19,000, म्हणजे पूर्ण फौजेच्या गरजेला आदर्श स्थितीतही 200 कमी. आणि एका खेपेच्या आकारावरून सर्वांत उपयोगी वाटलेला ट्यूटन प्रत्यक्षात गॉलच्या दोन तृतीयांश धान्य वाहतो.

पाचवा पर्याय ठाण्याच्या गोदामातील मालाचा होता. तिथे लाकूड, माती आणि लोखंड मिळून 1,30,000 होते. एनपीसी (खेळानेच पुरवलेल्या) व्यापाऱ्याकडून थोडे सोने (खेळातले विकतचे चलन) देऊन हा माल तत्काळ धान्यात बदलता येतो. ठाणेदाराला तो आधीच बदलून टाकायचा होता. न्यू जर्सीतील सभासदाने याला विरोध केला आणि त्याचे कारण अचूक होते. कॅटापल्टने कोठार पाडले की क्षमतेपेक्षा जास्त धान्य नष्ट होते, तर गोदामातला माल तसाच राहतो आणि नंतर बदलता येतो. त्यामुळे राखीव साठा धान्याच्या रूपात न ठेवता लाकूड-लोखंडाच्या रूपात ठेवणे अधिक सुरक्षित होते. अट एवढीच की गरज पडेल त्या क्षणी कोणीतरी जागे असले पाहिजे.

केलेली कृती

साडेआठला पॅलाडिन घरी रवाना केले गेले. तासाची तूट 19,200 वरून 16,200 वर आली. शेजारगावाच्या एका खेपेच्या फेरीत, म्हणजे 40 मिनिटांत, लागणारे धान्य यामुळे 10,800 झाले आणि 11,250 ची खेप त्याला पुरी पडू लागली. पॅलाडिन पाठवण्याचा खरा लाभ हा होता, कारण आता 15 व्या पातळीची बाजारपेठही ठाण्याला तोलून धरू शकत होती.

शेजारगावातून आठ पन्नासला पहिली खेप निघाली. त्या सभासदाने खेप तीनदा पाठवण्याची सशुल्क सोय घेतलेली असल्यामुळे व्यापारी आपोआप पुन्हा निघत होते आणि साडेदहापर्यंत तीन खेपांत 33,750 धान्य ठाण्यात पोहोचले. उरलेले 18,250 मुद्दाम शेजारगावातच ठेवले. घरच्या गावांतले 78,000 सव्वाआठपासून टप्प्याटप्प्याने पाठवले गेले. यावेळी प्रत्येकाला निघण्याच्या वेळेऐवजी पोहोचण्याची वेळ नेमून दिली होती. गॉलांच्या खेपा पावणेअकराला सुरू झाल्या आणि ट्यूटनांची शेवटची खेप सव्वाएकला पोहोचली. कोठाराची क्षमता ओलांडणारी एकही खेप आली नाही.

सर्वांत महत्त्वाची कृती मात्र धान्याची नव्हती. ठाणेदाराने आपला सिटर (मालकाच्या गैरहजेरीत त्याचे खाते सांभाळणारा खेळाडू) आधीच नेमला होता, पण त्याला सोने खर्चण्याची परवानगी दिलेली नव्हती. म्हणजे ठाणेदार झोपला असता तर गोदामातले 1,30,000 नग दिसत राहिले असते आणि कोणालाही वापरता आले नसते. नऊच्या सुमारास ही परवानगी दिली गेली. न्यू जर्सीत तेव्हा शनिवारची सकाळ होती. तिथल्या सभासदाने ठाणे आणि शेजारगाव या दोन्ही खात्यांचे सिटरपद घेतले आणि भारतात मध्यरात्रीपासून सकाळी साडेसहापर्यंत, म्हणजे त्याच्या दुपारी आणि संध्याकाळी, पहारा सांभाळला. दुबईतील दोघांनी त्याआधीचे तास वाटून घेतले. वेगवेगळ्या देशांत राहणारी माणसे ही या अलायन्सची मोठी ताकद होती आणि शुक्रवारी रात्री तिचा विचारच झाला नव्हता.

परिणाम

पहाटे 3:40 ला ट्यूटनाचा खरा हॅमर आला. त्याच्या आधी आणि नंतर एकेका मिनिटाच्या अंतराने फेक होते. हॅमर भिंतीवर आणि पायदळावर आदळून पूर्ण नष्ट झाला, पण नष्ट होताना त्याच्या कॅटापल्टनी एक कोठार 20 व्या पातळीवरून 12 व्या पातळीवर आणले. बाराव्या पातळीच्या कोठारात 17,600 धान्य मावते, म्हणजे ठाण्याची एकूण क्षमता 1,60,000 वरून 97,600 झाली. त्या क्षणी ठाण्यात सुमारे 58,600 धान्य होते. त्यामुळे एक दाणाही वाया गेला नाही.

त्याच क्षणाचा दुसरा हिशेब मांडून पाहिला पाहिजे. पॅलाडिन ठेवले असते आणि शेजारगावाचे धान्य आले नसते, तर 3:40 ला कोठारात अवघे 3,400 धान्य असते, म्हणजे दहा मिनिटांपुरते. आणि उलट, घाबरून सगळा माल आधीच धान्यात बदलून कोठारे भरली असती, तर कॅटापल्टच्या एका माऱ्यात 60,000 पेक्षा जास्त धान्य गेले असते. कोठार न रिकामे न भरलेले ठेवणे हा त्या रात्रीचा सर्वांत चांगला निर्णय होता असे माझे मत आहे, आणि तो घेणाऱ्या सभासदाला त्याचे पुरेसे श्रेय मिळाले नाही.

बचावफौजेपैकी सुमारे एक तृतीयांश मारली गेली. गॉलचा हॅमर आलाच नाही, रविवार दुपारपर्यंतचे उरलेले सगळे हल्ले फेक निघाले. उपासमारीने एकही सैनिक मेला नाही आणि गोदामातील राखीव मालाला हात लावावा लागला नाही. रविवारी सकाळी भारतातील सभासद जागे झाल्यावर फौज टप्प्याटप्प्याने घरी पाठवली गेली.

पॅलाडिनविषयीचा वाद पुढे बरेच दिवस चालला. आलेला हॅमर पायदळी होता आणि पायदळाविरुद्ध पॅलाडिनचा वाटा एकूण बचावाच्या सुमारे 16 टक्के होता. ते असते तर मृतांची संख्या कमी झाली असती, हा आक्षेप खरा आहे. पण हा आक्षेप पहाटे चारच्या माहितीवर उभा आहे, रात्री साडेआठच्या माहितीवर नाही. गॉलचा हॅमर आला असता तर त्याच पॅलाडिनचा वाटा 7 टक्के ठरला असता आणि खाणे मात्र तेवढेच राहिले असते.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी चूक धान्याच्या बेरजेत नव्हती. ती फौज निघण्याच्या वेळेत होती. पहिला हल्ला शनिवारी संध्याकाळी सातला येणार हे शुक्रवारी रात्रीच माहीत होते. फौज संध्याकाळी सहाला पोहोचली असती तरी पुरे होते. त्यासाठी प्रेटोरियन शनिवारी सकाळी सहाला, फॅलँक्स आणि स्पिअरमन साडेनऊच्या थोडे आधी, पॅलाडिन दुपारी बाराला आणि ड्रुइडरायडर सव्वादोनला निघायला हवे होते. प्रत्यक्षात सगळे झोपण्यापूर्वी निघाले आणि संध्याकाळी सहापर्यंत त्यांनी ठाण्यात दोन लाखांहून जास्त धान्य खाल्ले. घरी राहिले असते तरी त्यांनी तेवढेच खाल्ले असते, पण तिथे त्यांच्यासमोर गावाचे पूर्ण उत्पन्न होते आणि व्यापाऱ्यांची गरज नव्हती. ठाण्यात मात्र तो प्रत्येक दाणा साठ चौकोन वाहून न्यावा लागला. हा भार नऊ गावांच्या एका पूर्ण खेपेपेक्षा, 1,35,000 पेक्षा, बराच मोठा होता.

झोपण्यापूर्वी फौज सोडून देण्याची सवय समजण्यासारखी आहे. सकाळी सहाला उठून प्रेटोरियन रवाना करणे सगळ्यांना जमत नाही. यावर उपाय सिटरचा आहे, आणि तो शनिवारी रात्री वापरला गेला तसा शुक्रवारी रात्रीही वापरता आला असता.

व्यापाऱ्यांचा हिशेब करण्याची एक सोपी रीत या प्रकरणानंतर अलायन्सने स्वीकारली. व्यापाऱ्याची क्षमता आणि वेग यांचा गुणाकार करायचा आणि त्याला अंतराच्या दुपटीने भागायचे, म्हणजे तो तासाला किती माल पोहोचवतो हे मिळते. गॉलचा गुणाकार 18,000 येतो, ट्यूटनचा 12,000 आणि रोमनचा 8,000. तातडीच्या आणि वारंवारच्या खेपा गॉलांकडे द्यायच्या आणि आगाऊ ठरलेल्या मोठ्या खेपा ट्यूटनांकडे, अशी विभागणी यातून ठरली. रोमन सभासदांनी याचे वाईट वाटून घेऊ नये. त्यांचे प्रेटोरियन त्या रात्री एका धान्यामागे सर्वांत जास्त बचाव देत होते आणि त्यांच्या गावांनी सैनिक पुरवणे हाच श्रमविभाग योग्य आहे.

ठाण्यात तिसरे कोठार बांधावे का, यावर मतभेद राहिले. क्षमता वाढली की आवकीच्या वेळा चुकल्या तरी वाया जाणारे धान्य कमी होते, हे खरे आहे. पण भरलेले मोठे कोठार हे कॅटापल्टसाठी तेवढेच मोठे लक्ष्य असते आणि सीमेवरच्या गावात ते दुरुस्त करायला लागणारा मालही शेवटी दुरूनच येतो. माझ्या मते तिसऱ्या कोठाराऐवजी शेजारगावाची बाजारपेठ 20 व्या पातळीवर नेणे आणि तिथले कोठार वाढवणे अधिक शहाणपणाचे होते. वीस गॉल व्यापारी आठ चौकोनांवर तासाला 22,500 धान्य पोहोचवतात, म्हणजे शुक्रवारी पाठवलेली मूळ फौज, पॅलाडिनसह, त्या एका गावाच्या व्यापाऱ्यांवर उभी राहू शकते. अर्थात शेजारगाव स्वतः एवढे धान्य निर्माण करत नाही, ते फक्त साठवते आणि आवक समान करते. त्यात धान्य आणून ठेवण्याचे काम शांततेच्या दिवसांत, ट्यूटनांच्या पाच तासांच्या खेपांनी, कोणाची झोप न मोडता होऊ शकते.

पुढील आठवड्यात हेच काम सुरू झाले. शेजारगावाच्या मालकाने बाजारपेठ वाढवायला घेतली आणि ठाणेदाराने सोने खर्चण्याच्या परवानगीसह दोन सिटर कायमचे नेमले. कुमक मागण्याच्या संदेशाचा मजकूरही बदलला गेला: आता त्यात किती सैनिक हवेत याच्या आधी ते कोणत्या वेळी पोहोचले पाहिजेत आणि त्यांच्यासाठी कोणत्या गावातून, कोणत्या तासाला, किती धान्य येणार आहे हे लिहिलेले असते.